तोंड हार्लनच्या घराकडे

पिट्सबर्गमधल्या आमच्या चढावरच्या दुकानात एका शाळकरी पोरीने चिप्सची रिकामी पिशवी फुगवली आणि दोन तळव्यांमध्ये धरून फोडली. झालं ते एवढंच. आई तिच्यावर खेकसली, गल्ल्यावरची बाई हसली, आणि मी लोण्याचा डबा घेऊन वळते तर पावांच्या मांडणीपाशी एक म्हातारा गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही हात डोक्यावर, तोंड पावांच्या पिशव्यांत खुपसलेलं, आणि पाठ नुसती लटलटतेय. चेहरा दिसायच्या आधी मी त्याला मानेवरून ओळखलं. लाल, सुरकुत्यांची, मधोमध खोल घळ असलेली ती मान मी कितीतरी रविवार गावच्या चर्चमध्ये मागच्या बाकावरून बघत आले होते. प्रार्थना चालू असायची आणि मी त्या घळीकडे बघत असायचे. हार्लन शूमेकर. पलीकडच्या रांगेतून त्याची बायको ओपल धावत आली. "पिशवी होती रे, नुसती पिशवी," असं हळू आवाजात म्हणत तिने त्याला बगलेत हात घालून उठवलं, आणि सवयीच्या हाताने त्याच्या कोटावरचा भुगा झटकला. म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. ओपलची बहीण शहरात राहते, तिच्याकडे आले असणार. त्यांनी मला पाहिलं नाही आणि मी पुढे झाले नाही. मला काय वाटलं ते सांगून टाकते, लपवायचं कशाला: बरं वाटलं. इतकं बरं की घरी येऊन मी बटाटा भरलेल्या पिरोगी तळल्या आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच सगळ्या संपवल्या.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर कानाशी बारीक चक्र फिरत असतं, गुलाबी भुकटी उडत असते, आणि कुणाच्या तरी हिरड्यांचा साचा माझ्या बोटांत असतो. या कामात मन मोकळं राहतं, आणि मोकळं राहिलं की ते एकाच जागी जातं. कितीतरी वर्षांपूर्वीचा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा रविवार. गावाकडे आमच्या खोऱ्यात त्या दिवशी सगळेच बार काढतात. सोमवारी हरणांचा मोसम उघडायचा, शाळांना सुट्टी असायची, आणि आदल्या दिवशी जो तो आपली रायफल बाहेर काढून तिचा नेम बसवून घ्यायचा. कुणी झाडाला डबा टांगी, कुणी जुन्या कपडे धुण्याच्या यंत्रावर कागदी बशी चिकटवी. टेकड्यांमधून सकाळपासून ठोठो चाललेलं असे आणि कुणी मान वर करून बघत नसे. माझा धाकटा भाऊ लायल शिडीवर चढून ओसरीच्या पन्हाळीला नाताळच्या दिव्यांची माळ लावत होता. आईने त्याच्यामागे लकडा लावला होता म्हणून. शिडी मी धरली होती. हिरवे दिवे एकीकडेच येतायत म्हणून तो कुरकुरत होता, आणि मधेच गप्प झाला. त्याचा बूट माझ्या खांद्यावर आला. सांभाळ रे, मी म्हणाले. मग दुसरा बूट. मग सगळाच्या सगळा लायल. त्या बुटाचं वजन अजून माझ्या उजव्या खांद्यावर आहे; थंडीत तो खांदा दुखतो आणि डॉक्टर म्हणतात, वाकून काम करता ना, त्याने.

शेजारच्या कुरणात हार्लनने कागदी बशी ठोकली होती ती कुजक्या गवताच्या भाऱ्यावर. मागे टेकडी नाही, मातीचा ढीग नाही, काही नाही. भारा आतून पोकळ झालेला, गोळी त्यातून लोण्यातून जावी तशी गेली, आमचं कुंपण आणि आमची सफरचंदाची झाडं ओलांडून ओसरीवर आली. गोळीच्या मागे काय आहे ते बघ, हे आमच्याकडे पोराला चमचा धरायला शिकवण्याच्या आधी शिकवतात. लायलला ते कुणी शिकवलं ठाऊक आहे? हार्लननेच. आमचे वडील खाणीच्या पाळ्यांमध्ये अडकलेले असायचे, म्हणून अंकल हार्लन आम्हा दोघांना कुरणात नेऊन शिकवायचा. त्या संध्याकाळी तो स्वतः चालत आमच्या दारात आला, टोपी हातात, आणि माझ्या आईने काय करावं? त्याला खुर्ची दिली आणि कॉफी दिली. तिच्या पोराचं रक्त ओसरीच्या फळ्यांवरून अजून पुरतं धुतलं गेलं नव्हतं आणि ती त्याला विचारत होती, दूध घालू का म्हणून. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी जे बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. आईवर मी पुढे कधी ओरडले नाही, पण तिच्या हातची कॉफीही कधी प्यायले नाही.

मग सगळं खोरं कामाला लागलं. चर्चच्या बायका जेवणाची भांडी घेऊन आल्या, प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावलेली, धुऊन परत करायला सोपं जावं म्हणून. आमच्याकडे आल्या आणि तिथून निघून तशाच शूमेकरांकडे गेल्या. दोन्ही घरांत एकाच हाताचं हॅम आणि बटाटे. बिच्चारा हार्लन, त्याच्यावर काय ओढवलं बघा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, भावाच्या शवपेटीपासून चार हातांवर. अपघात, असं कागदावर लिहिलं गेलं. शिकारीचा परवाना काही वर्षं काढून घेतला आणि प्रकरण मिटलं. मीही शहाण्या मुलीसारखी मूग गिळून बसले, शहरात आले, लग्न केलं, मोडलं. हार्लन आतून पोखरून निघाला असेल असं लोक म्हणायचे, पण मला दिसायची ती रविवारी नीट दाढी केलेली, कॉलरवर टेकलेली मान. आतलं पहिल्यांदा दिसलं ते त्या पावांच्या मांडणीपाशी. आणि दिसलं ते दिसलंच. पुढचे कितीतरी दिवस कवळ्या घासता घासता मी मनातल्या मनात पिशव्या फोडत होते.

आई गेल्यावर जमीन माझ्या नावावर झालेली होती. घर बंद, कुरण एका शेजाऱ्याला गवतासाठी दिलेलं. मी गावाच्या कचेरीत गेले आणि विचारलं, माझ्या स्वतःच्या जमिनीवर नेमबाजीची जागा करायची असेल तर काय लागतं. तिथल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, नाव पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पैसे घेऊन लोकांना येऊ देणार नसशील तर काहीच नाही, म्हणाली. घरांपासून अंतर राख, गोळी तुझ्या हद्दीबाहेर जाऊ देऊ नकोस. मी म्हटलं, ते तुम्ही मला सांगायला नको. ती खाली बघायला लागली. बुलडोझरवाला बर्नी युहास जागा बघायला आला, तंबाखू थुंकला, आणि सरळ म्हणाला की कोन चुकतोय. टेकडी उत्तरेला आहे, फुकटची भिंत आहे, तिकडे तोंड कर. मी म्हटलं, तोंड पूर्वेला. पूर्वेला हार्लनचं कुरण, कुरणाच्या वर हार्लनचं घर, न्हाणीघराची छोटी खिडकी इकडेच. बंदुकीचा आवाज तोंडाच्या दिशेने सगळ्यात जास्त जातो, हे बर्नीलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याने बराच वेळ इंजिन सुरूच केलं नाही. मग म्हणाला, गोळ्या अडवणारा बांध दुप्पट उंच घालीन, नाहीतर घालणारच नाही. मी म्हटलं, तिप्पट घाल. मला बांध हवाच होता. तो नीट, चाळलेल्या मातीचा, दगडाचा एक खडा नसलेला, दोन्ही बाजूंना पंख काढलेला हवा होता, की उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला जागा राहू नये. मी हार्लनसारखी नाही, हे मला त्या मातीने सांगायचं होतं. त्याला मला कायद्यात बसून, नाकावर टिच्चून, एकेक आवाज मोजून द्यायचा होता.

पहिल्या शनिवारी वडिलांची रायफल खांद्याला लावली. लायल गेल्यापासून मी बंदुकीला शिवले नव्हते. पोलादी थाळ्या साखळीने टांगल्या होत्या. गोळी लागली की आधी बार, मग ठण्ण, आणि मग खोऱ्यातून परत येणारा तो गडगडाट. दणका त्याच उजव्या खांद्यात बसतो. आणि गंमत म्हणजे दुखलं नाही. बुटाचं वजन क्षणभर उचलल्यासारखं झालं, म्हणून मी पुन्हा घोडा ओढला, आणि पुन्हा. मधे थांबत होते. किती थांबायचं ते ठरवत नव्हते, मुद्दामच; त्याला वाटावं की संपलं, त्याने श्वास सोडावा, आणि मग. कानांवर झाकणं होती तरी मला सगळं ऐकू येत होतं: खुर्ची सरकली असेल, ओपलने हाक मारली असेल, दार लागलं असेल. दर शुक्रवारी काम सुटलं की गाडी काढायची, बंद घरात झोपायचं, सकाळी कॉफी प्यायची आणि बाकावर बसायचं. मी वजनाने भरले. कामावरच्या पोरी म्हणायला लागल्या, नोरीन, कुणी भेटलाय का गं? कुणीतरी तक्रार केली असावी, कारण शेरिफच्या कचेरीतला एक तरणा पोलीस येऊन बांधावर चढला, खाली उतरला आणि म्हणाला की मॅडम, सगळ्यांनी इतकी काळजी घेतली असती तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, हो ना.

पानं गळायला लागली तेव्हा ओपल आली. पायवाटेने, दोन्ही हात कोटाच्या खिशांत. माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसली, बसू का असं न विचारता. तो शनिवारी उशी घेऊन न्हाणीच्या टबात जाऊन बसतो, तिने सांगितलं. अंगावर कपडे, पायांत बूट. बाहेर यायला संध्याकाळ होते. तिने रेडिओ लावून बघितला, त्याला बहिणीकडे नेऊन बघितलं, पण शहरात त्याला आणखीच आवाज येतात. तिची बोटं खिशाच्या आत सारखी चाळा करत होती, तेवढंच दिसत होतं.

"मी थांब म्हणायला आलेले नाही," ती म्हणाली. "तुझी जमीन आहे. फक्त कधी सुरू करणार ते आदल्या दिवशी सांगत जा. मी त्याला तयार करीन."

"आम्हाला कुणी आदल्या दिवशी सांगितलं होतं का, ओपल?"

ती उठली, मान हलवली, जणू मी हवामानाविषयी काही बोलले होते, आणि आली तशी गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. टब, उशी आणि बूट मी मनात घेऊन गेले, शहरात गेल्यावर पुन्हा पुन्हा काढून बघितले, आणि दर वेळी तितकीच तृप्ती झाली.

हिवाळा जबर पडला. जमीन गोठली, सुटली, पुन्हा गोठली, आणि मार्चमध्ये बर्फ वितळून गेल्यावर पाहते तर बांध मधोमध बसलेला. चाळलेली भुसभुशीत माती. पाणी प्यायली आणि खचली. खोगिरासारखा खोलगट भाग झाला होता, आणि त्यातून हार्लनच्या कुरणाची एक हिरवी पट्टी दिसायला लागली होती. बर्नीने बजावलं होतं, वसंतात मला बोलवायचं, बोलावल्याशिवाय एक बार काढायचा नाही. त्याचा नंबर फोनमध्ये होता. मी लावला नाही. पहिल्या शनिवारी स्वतःला सांगितलं, थाळ्या खाली आहेत, मी चुकत नाही, एक आठवडा चालेल. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, बर्नीला वेळ नसेल. तिसऱ्या शनिवारी काहीच सांगितलं नाही. मी बाकावर बसायचे, नळीच्या टोकावर ती हिरवी पट्टी यायची, आणि बोट घोड्यावर थांबायचं. भीती होती का ती? होती. पण नुसती भीती नव्हती. गोळीच्या मागे काय आहे ते बघ, म्हणत माझा मीच कान धरायचे, आणि मागे काय आहे ते मला चांगलं ठाऊक असायचं. एकदा वरची थाळी वाजलीच नाही. साखळीसुद्धा हलली नाही. मी सामान आवरून शहरात परत आले आणि आठवडाभर एक कवळी नीट जमली नाही. वरचे दात खालच्यांवर बसेनात.

पुढच्या शनिवारी मी बंदूक बाकावर ठेवली, रिकामी करून, आणि बांधावर चढले. ती गोळी मातीत कुठे शिरलीय ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. चिखलात पाय रुतत होते. वर पोचले, खोलगटातून पलीकडे पाहिलं, आणि कुंपणापलीकडे, माझ्या बाकाच्या अगदी सरळ रेषेत, हार्लन बसला होता. घडीच्या खुर्चीवर. चर्चला जायचा काळा कोट, मांडीवर टोपी. पायांखालचं गवत दबून चिखल झालेला होता, म्हणजे आजच आला नव्हता. माझ्याकडे त्याने असं पाहिलं जसं एखाद्याने डॉक्टरची वाट बघत बसलेलं असावं आणि परिचारिकेने दार उघडावं.

"बांध बसलाय तुझा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

"कधीपासून बसताय इथे?"

"बर्फ गेल्यापासून." त्याचा आवाज शांत होता, हातही शांत होते. टबात थरथरणारे हात हेच ना? "घरात दचकायला होतं. इथे नाही होत. इथे वाटतं, आता येईलच. गेल्या खेपेला एक डोक्यावरून गेली, नोरीन. माशी गेल्यासारखी. थोडी खाली यायला हवी होती."

मी तिथेच चिखलात बसले. सुटली होती तर. माझ्या हातून, माझ्या चाळलेल्या मातीवरून, सुटली होती. तो मात्र पोरांना कुरणात शिकवायचा त्याच सुरात, समजावून सांगत होता.

"तुला काही होणार नाही. अपघात म्हणतील. माझ्या वेळी म्हणालेच की. दोन्ही घरांत बायका जेवण घेऊन येतील. ओपल तुला कॉफी देईल, मी तिला सांगून ठेवलंय." मग टोपी फिरवत तो म्हणाला, "पोरी, मी खूप थकलोय गं."

आणि तेव्हा मला कळलं की मी एवढा खर्च, एवढी माती, एवढे शनिवार घालवून या माणसाला काय दिलं होतं. बसायला जागा दिली होती. आठवड्यात एक सकाळ अशी दिली होती की त्याचे हात थरथरत नव्हते. माझ्या आवाजावर तो विसावत होता, आणि वर आता मीच त्याला सोडवायचं होतं. त्याच्या कुजक्या भाऱ्याच्या बदल्यात माझा खचलेला बांध. झाली फिट्टंफाट, दोघंही मोकळे. तो जाणार, आणि भांडी घेऊन येणाऱ्या बायकांसमोर टोपी हातात धरून उभी राहणार मी. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. आयुष्यभर मी या माणसाला तुम्ही म्हणत आले होते.

"ऊठ," मी म्हणाले. "खुर्ची उचल आणि घरी जा. तुला इतक्या सहज सुटू देईन वाटलं का?"

त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला. पावांच्या मांडणीपाशी दिसला नव्हता, म्हणून आता नीट पाहिला. तो उठला, दोनदा प्रयत्न करून खुर्ची मिटली आणि चढावरून निघाला. मानेची ती घळ कॉलरमध्ये आत बाहेर होत होती. रडत असावा.

मी बांधावर बसूनच बर्नीला फोन लावला. तो शिव्या घालत आला, त्या घालायलाच हव्या होत्या. त्याने जुना बांध पूर्ण फोडला, चिकणमाती आणली, थरावर थर दाबून घातला, आणि किती उंच नेऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथून न्हाणीघराची खिडकी दिसेनाशी होईपर्यंत ने. दिवसभर हार्लन कुंपणाशी उभा राहून बघत होता. ती हिरवी पट्टी वितावितीने बुजत गेली तसा तो खाली खाली वाकत गेला, आणि शेवटी ओपलने येऊन त्याला आत नेलं. मी शहरातली खोली सोडली. कामावरच्या प्रयोगशाळेत सांगून साचे घरी आणायला लागले; आता आईच्या स्वयंपाकघरात कवळ्या करते, आणि बार काढायला शनिवार येईपर्यंत थांबायची गरज उरलेली नाही.

परवा ओपल आली. तो नीट जेवत नाही, म्हणाली, छातीत दुखतं म्हणतो, आणि डॉक्टर दूरच्या गावात, तिला एवढी गाडी चालवत नाही. मी तिला बसवलं. कॉफी दिली. म्हटलं, मी नेईन त्याला, दर वेळी मीच नेईन, औषधांवरही मी लक्ष ठेवीन, तू काळजी करू नकोस. ओपलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाली की तुझी आई अशीच होती, मला ठाऊक होतं एक दिवस तुझंही मन निवेल. मी हात सोडवून घेतले नाहीत.

"त्याला जप, ओपल," मी म्हणाले. "शंभर वर्षं जगायला पाहिजे तो."